आदाबची शिकवणी

भादव्याचं ऊन यंदाही तसंच पडलंय. पावसानं मधेच हात आखडता घेतला की हैदराबादेत हे पंधरा दिवस येतात. भिजलेल्या भिंतींना वाफ सुटते, गटाराकाठचं गवत कमरेएवढं होतं, नामपल्लीच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या उतरतात आणि दुपारी बाराला रस्त्यावर पाय ठेवला तर चपलेतूनसुद्धा चटका बसतो. शेजारीपाजारी म्हणतात, बरं झालं, एकदाचे कपडे वाळले. मला या उन्हाचा राग येतो. ऐंशी उलटल्यावर माणसानं कशाचा राग धरू नये म्हणतात, पण मी तशीही कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही.

यंदा निमित्त झालं ते नातीचं. तिच्या सासूबाईंना विसरण्याचा आजार लागलाय. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. विद्यानगरात एका शाळेच्या हॉलमध्ये दर महिन्याला अशा माणसांच्या घरच्यांची बैठक भरते, तिथं ती मला घेऊन गेली. "आजी, तू नुसती बस गं. मला एकटीला जायचा कंटाळा येतो," म्हणाली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीस-पंचवीस माणसं बसली होती. सगळ्यांचे डोळे जागरणानं सुजलेले. एक तरुण समुपदेशक बाई शांतपणे सांगत होती, त्यांच्याशी वाद घालू नका, ते म्हणाले आज ऑफिसला जायचंय तर हो म्हणा, त्यांना तुमच्या जगात ओढू नका, तुम्ही त्यांच्या जगात जा. लोक वहीत उतरवून घेत होते. मला हसू आलं. हीच गोष्ट मला एका पडदानशीन बाईनं परसातल्या भिंतीवरून चार शब्दांत सांगितली होती.

मग मागच्या रांगेतला एक गृहस्थ उठला. सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला असलेला, पन्नाशीचा तेलुगू माणूस. म्हणाला, "मैं अम्मा को मारा. तीन बार मारा." एवढं बोलून तो उभाच राहिला. कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. समुपदेशक बाईनं चष्मा काढून पुसायला घेतला.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "मैं भी मारी. बैठो बेटा."

नात माझ्याकडे बघतच राहिली. तिला मराठी अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं, तेव्हा हे ती वाचेल असं वाटत नाही. वाचलंच, तर एवढे कष्ट घेणाऱ्या माणसाला खरं कळायला हवं.

देशाला स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आलं होतं आणि आम्हाला ते मिळालं नव्हतं. हैदराबाद संस्थान वेगळं राहिलं होतं, निजामाचं. मी एकोणीस वर्षांची होते. नामपल्ली स्टेशनच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या तीन खोल्यांत मी, हे आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, असे तिघंच राहत होतो. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. मामंजी अदालतीत पेशकार होते, न्यायाधीशापुढं मिसली, म्हणजे खटल्यांच्या फायली, मांडण्याचं काम. तीस वर्षं त्यांनी शेरवानी आणि लाल रूमी टोपी घातली. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर उर्दू, असा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या उर्दूचं मोठे मोठे वकील कौतुक करत, असं हे सांगायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि एकेक गोष्ट हरवायला लागले होते. आधी चष्मा, मग घराची वाट, मग बायको गेल्याची गोष्ट. ती गेलीय हे कुणी सांगितलं की दर वेळी नव्यानं रडायचे. तेव्हा याला आजार कुणी म्हणत नव्हतं. म्हातारचळ म्हणत. साठी बुद्धी नाठी म्हणत आणि हसत. आणखी एक बोलतात, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा म्हटलं त्यानं म्हाताऱ्याला आंघोळ घातलेली नसणार. बाळ आपल्या छातीवर लाथ मारतं तेव्हा हसू येतं. सहा फुटी माणूस मारतो तेव्हा बरगडी दुखावते. मामंजींनी मला काठीनं मारलं, दोनदा केस धरून भिंतीवर आपटलं, एकदा पितळी तांब्या फेकून कपाळ फोडलं. मग थोड्या वेळानं मलाच विचारायचे, "कुणी मारलं गं पोरी तुला? नाव सांग, मी फिर्याद घालतो." आणि खरंच कागद शोधायला लागायचे. मी त्यांचा पाय जुन्या लुगड्याच्या काठानं बाजेला बांधून स्वयंपाक करत असे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांना माहीत होतं, पण दफ्तरातून आले की आधी गाठ सोडायचे आणि विषय काढायचे नाहीत.

तो उन्हाळा संपता संपता शहरातली हवा बिघडली. निजामाच्या बाजूचे, खाकी कपड्यातले, भाले-बरच्या घेतलेले स्वयंसेवक रस्त्यांतून घोषणा देत कवायत करायला लागले. खेड्यांतून बातम्या येत, अमुक गाव जाळलं, तमुक ठिकाणी विहिरीत माणसं टाकली. आम्ही त्या लोकांचं नावसुद्धा घेत नसू. नुसतं 'ते' म्हणायचो. त्याला कारण मामंजी होते. आजाराच्या त्या टप्प्यावर त्यांना एक नवीनच खोड लागली होती, कानावर पडलेलं शेवटचं वाक्य मोठ्यानं पुन्हा पुन्हा म्हणण्याची. हे कुणाच्या तरी घरी लपून रेडिओ ऐकून येत आणि हळूच मला सांगत. पाच मिनिटांत मामंजी खिडकीत उभे राहून गल्लीला सांगत, "हिंदची फौज येणार! हिंदची फौज येणार!" भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला तोंड होतं.

मी धावत जाऊन खिडकी लावायची आणि हसत हसत समोरच्या ओट्यावर बसलेल्यांना सांगायची, "बुढ्ढे हैं, कुछ भी बोलते." लोक मान हलवायचे. कोण कशासाठी मान हलवतोय हे त्या दिवसांत कळायला मार्ग नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी एक मास्तर राहत. मराठी शिकवत, खांद्यावर उपरणं टाकून हळू चालत. श्रावणातल्या एका दुपारी भालेवाले आले आणि त्यांना घरातून ओढत बाहेर घेऊन आले. त्यांच्याकडे संस्थानाच्या सरहद्दीपलीकडून आलेले कागद सापडले म्हणे. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. मामंजी माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि त्यांनी श्वास आत घेतला, ते ओरडणार हे मला कळलं. मी उजवा तळवा त्यांच्या तोंडावर घट्ट दाबला. ते चावले. दात आत रुतले तरी मी हात काढला नाही. बाहेर मास्तर एकदाच "पाणी" म्हणाले. पहिला भाला पोटात गेला, दुसरा मानेत. पुढं त्यांनी काठ्या चालवल्या, मेलेल्या माणसावर. माझं रक्त कोपरावरून खाली टपटपत होतं आणि मी मनात एकच म्हणत होते, हा म्हातारा आता ओरडला तर पुढचं दार आमचं. मास्तरांसाठी माझ्या मनात त्या क्षणी काहीच नव्हतं. ते दिवेलागणीपर्यंत उन्हात पडून होते. कुणी दार उघडलं नाही. मीही उघडलं नाही.

आमच्या परसाला लागून बानोआपाचं परस होतं. तिचा नवरा रेल्वेत कारकून, माणूस मुकाट, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बानोआपा बाहेर पडली की बुरख्यात, पण परसातल्या कमरेएवढ्या भिंतीवरून तिचं माझं सगळं बोलणं चाले. मास्तरांना मारल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझा बांधलेला हात बघितला.

"मास्टर का देखे ना? तुम्हारे ससरे का मुँह बंद नईं होता. कल तुम्हारा घर है."

"मग काय करू? मारून टाकू त्यांना?" मी ओरडलेच.

"नक्को गे. हुज्जत नक्को करो उनसे. वो जो बोले, हौ बोलो. दफ्तर जाना बोले, हौ बोलो. और मुँह बंद नईं होता तो मुँह में दूसरी बात डालो."

तिनंच ठरवलं कुठली बात ते. आदाब अर्ज है. तीस वर्षं रोज शंभरदा त्यांच्या तोंडातून निघालेलं वाक्य, ते आत कुठंतरी असणारच. शेरवानी, टोपी ट्रंकेत होतीच, ते कपडे रोज घालायचं ठरलं. दाढी आपोआप वाढत होती, कारण न्हावी गाव सोडून पळाला होता आणि मी वस्तरा जवळ नेला की मामंजी हाताला चावत. जानवं ते चघळत बसायचे, बोटांत गुंतवून ओढायचे, एकदा गळ्याला फास बसला. ते मी काढून देवाच्या कोनाड्यात ठेवलं. अडचण एवढीच होती की आदाब योग्य वेळी निघायला हवा होता. ते येतील तेव्हा मामंजी घाबरणार, आणि घाबरल्यावर तोंडातून दुसरं काही निघता कामा नये.

म्हणून मी त्यांना घाबरवायला शिकले. ताट समोर ठेवायचं आणि त्यांनी हात पुढं केला की काठी दारावर दाणकन आपटायची. ते दचकून अंग आखडून घेत. मी त्यांचा हात उचलून कपाळाला लावायची, "आदाब अर्ज है" म्हणायला लावायची, मग घास. पुन्हा काठी, पुन्हा हात, पुन्हा घास. पोपटालासुद्धा कुणी असं शिकवत नाही. त्यांनी ताटं फेकली, माझ्यावर थुंकले, भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसले. मी सोडलं नाही. यांना मी दुपारचं काही सांगत नसे. संध्याकाळी फक्त म्हणे, आज बरे होते.

एक दिवस सकाळपासून त्यांनी आदाब म्हटलंच नाही. मीही हट्टाला पेटले. दुपार गेली, ऊन उतरलं, ताट तसंच. चार वाजता ते रांगत माझ्यापाशी आले, माझ्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाले, "आई, भूक लागली. भाकर दे."

मी त्यांना मारलं. पाची बोटं उमटतील अशी थोबाडीत मारली. आई म्हणाले म्हणून नाही, मराठीत म्हणाले म्हणून. मी एकोणीस वर्षांची पोर आणि सत्तरीला आलेला माणूस मला आई म्हणतोय, आणि माझ्या डोक्यात फक्त हे, की या शब्दानं आपण मरू. त्यांनी गाल धरला नाही. हात हळूच कपाळाला नेला आणि स्वच्छ, अदालतीतल्या आवाजात म्हणाले, "आदाब अर्ज है."

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण आनंदच झाला होता. मी तूप घालून भाकरी कुस्करली आणि त्यांना भरवली.

हॉलमधल्या त्या रेल्वेवाल्याला समुपदेशक बाईनं नंतर बाजूला घेऊन काही समजावलं. तुम्ही थकला होता, तुमचा दोष नाही, असं असणार. ते खरंही आहे. थकल्या माणसाचा हात सुटतो, आणि त्याला बसायला खुर्ची आणि ऐकायला माणूस मिळालं पाहिजे. मला तेव्हा कुणी एक दिवस सुट्टी दिली असती तर मी वेगळी वागले असते का, याचा मी खूप विचार केलाय. पण माझा हात थकून सुटला नव्हता. मी शिकवत होते, आणि शिकवणी चांगली झाली.

ती किती चांगली झाली ते आठवड्याभरात कळलं. गणपती बसायच्या सुमारास ते आमच्या दारात आले. चौघं होते, दोघांच्या हातात भाले. कुणीतरी सांगितलं होतं, या घरातून फौजेच्या गोष्टी ऐकू येतात. हे दफ्तरात होते. भाल्याचा दांडा दारावर आपटला आणि त्या आवाजाला मामंजी आतून चालत बाहेर आले. शेरवानी, टोपी, छातीवर पांढरी दाढी. कमरेत किंचित वाकून त्यांनी हात कपाळाला नेला. "आदाब अर्ज है, हुजूर. मिसल कल पेश होगी."

पुढचा जो होता तो आधी गोंधळला, मग हसला. "कल ही सही, बड़े मियाँ," म्हणाला, आणि ते गेले. मी दाराला पाठ लावून खाली बसले. मामंजी माझ्याकडे बघून पुन्हा आदाब म्हणाले, कारण मीही त्यांना घाबरवणाऱ्यांपैकीच होते. मी देवापुढं साखर ठेवली.

त्यानंतर फौज खरंच आली. चार-पाच दिवस विमानांचे आवाज, अफवा, बंद दारं, आणि एका संध्याकाळी सगळं संपलं. रस्त्यावर तिरंगे आले, पेढे आले, लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. यांनी मला चौकात नेऊन फौजेच्या मोटारी दाखवल्या आणि मी त्यांवर झेंडूची फुलं फेकली. घरी आल्यावर हे मामंजींच्या कानाशी ओरडले, "अण्णा, आपण स्वतंत्र झालो!" मामंजींनी हात कपाळाला नेला.

दोन दिवसांत आमच्या गल्लीतली निम्मी दारं बंद झाली. आधी आमची बंद होती, आता त्यांची. खेड्यांतून पुन्हा बातम्या यायला लागल्या, गावं जाळल्याच्या, विहिरींच्या. फक्त आता विहिरीत टाकलेल्यांची नावं वेगळी होती. बानोआपाच्या परसात चूल पेटायची थांबली. मी भिंतीवरून भाकरी दिली तर घ्यायची, बोलायची नाही. मी मामंजींना आदाब विसरायला लावायचा प्रयत्न केला. रोज सकाळी नमस्कार करायला शिकवायची. ते माझ्याकडे संशयानं बघत. जे मार खाऊन आत गेलं होतं ते लाडीगोडीनं बाहेर येईना. दाढी तशीच राहिली होती. टोपी काढली की रडत.

पितृपक्षात मामंजींच्या वडिलांची तिथी आली. त्यांचा हात धरून का होईना, पिंड त्यांच्याच हातून द्यायचे होते. सकाळी हे भटजींना आणायला गेले. केळीची पानं राहिली होती. मामंजींना एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून त्यांना घेऊनच मी स्टेशनकडच्या रस्त्याला पानवाल्या बाईकडं गेले. जानवं आंघोळीनंतर घालायचं, असं ठरवलं होतं. हेच भादव्याचं ऊन होतं. मी पानं उलटीपालटी करून फाटकी बाजूला काढत होते, तेवढ्यात ते दहा-पंधरा पावलं पुढं गेले.

समोरून सात-आठ तरुण येत होते. छातीवर तिरंगी फिती, हातात काठ्या. संस्थान सोडून पळालेल्यांच्या सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून परत आलेले असावेत. एकाची अर्धी मान भाजलेली होती, अजून ओली. त्यांनी काय सोसलं असेल ते मला त्याच्या मानेवरून दिसलं. आणि ते आमची भाषा बोलत होते.

"ए म्हाताऱ्या! ए मिया! कुठं निघालास रे?"

मामंजी घाबरले. त्यांनी तेच केलं जे मी शिकवलं होतं. हात कपाळाला गेला, कमरेत वाकले. "आदाब अर्ज है, हुजूर."

पहिली काठी टोपीवर बसली. ते खाली पडले, उठून बसले आणि पुन्हा म्हणाले, "आदाब अर्ज है." दुसरी काठी हातावर. हाड मोडल्याचा आवाज पानांच्या दुकानापर्यंत आला. मोडलेला हात उचलेना म्हणून त्यांनी दुसरा कपाळाला नेला. आदाब. लाथ. आदाब. मामंजी थांबेनात आणि ती मुलंही थांबेनात. प्रत्येक फटक्याला त्यांना वाटत असणार, की नीट म्हटलं की आता घास मिळेल.

मी धावत जाऊन त्यांच्या अंगावर पडले. एक काठी माझ्या पाठीत बसली. "अहो, सासरे आहेत माझे! हिंदू आहेत! बामण आहेत!"

"मियाला वाचवायला आली बघा बामणीण," एक जण म्हणाला.

"जानवं दाखव मग."

त्यांनी शेरवानीची बटणं तोडली. गळ्यात काही नव्हतं.

"गोत्र सांग रे. बोल, गोत्र!"

मामंजी रक्ताळलेल्या तोंडानं म्हणाले, "मिसल कल पेश होगी."

मग भाजलेल्या मानेचा पुढं आला आणि त्यानं मामंजींच्या पायजम्याच्या नाडीला हात घातला. मला म्हणाला, "बाई, तोंड फिरव." मी फिरवलं नाही. मी म्हटलं, "रोज मी धुते यांना. सोड. बघ काय बघायचं ते." भर उन्हात, भर रस्त्यात, दुकानं उघडी असताना त्यांनी माझ्या सासऱ्यांना उघडं केलं आणि खात्री करून घेतली. मग कुणाची तरी काठी खाली पडली. भाजलेल्या मानेचा मटकन बसला, मामंजींच्या पायांवर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला. "चुकलो आजोबा, माफ करा, चुकलो." मामंजी त्यालाही आदाब म्हणाले.

चुकलो. म्हणजे ते खरंच मुसलमान निघाले असते तर बरोबर होतं? हा प्रश्न आज मी ठसक्यात लिहिते. तेव्हा माझ्या तोंडून तो निघाला नाही. तेव्हा मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी त्या मुलाचा खांदा धरून म्हटलं, "सांगत होते ना मी, हे त्यांच्यातले नाहीत!" अंगावर पडून मी मामंजींना वाचवलं नव्हतं. ते वाचले ते 'त्यांच्यातले' नव्हते म्हणून, आणि तेच तोंडानं म्हणून परसापलीकडचं सगळं घर मी त्या काठ्यांपुढं ढकललं होतं.

त्यांच्यातल्याच दोघांनी मामंजींना उचलून घरी आणलं. ते गेल्यावर बानोआपा भिंत ओलांडून आली. तिनं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला, तोंडातलं रक्त पुसलं.

"कौन मारे? हमारे लोगां?"

"हमारे," मी म्हटलं.

तिनं कामटीची गाठ सोडून पुन्हा नीट बांधली. मी म्हणालेलं ते वाक्य मी तिला कधीच सांगितलं नाही. दिवाळीच्या आत बानोआपा आणि तिचा नवरा घर सोडून तिच्या भावाकडं गेले आणि तिथून आणखी कुठं गेले ते कळलं नाही.

मामंजी त्यानंतर महिनाभर जगले. हाड जुळत आलं होतं. पण त्यांना आता मराठीची भीती बसली होती. कुणीही मराठी बोललं, मायेनं बोललं, तरी त्यांचा धडका हात सपकन डोक्यावर जायचा आणि ते अंगाची जुडी करून घ्यायचे. यांचा आवाज ऐकला की सर्वांत जास्त, कारण तो पुरुषाचा होता. हे दाराबाहेर उभे राहून बापाला बघत. शेवटी घरात मराठी बंद झाली. स्वतंत्र झालेल्या शहरात, मराठी घरात, मी दिवसभर माझ्या मोडक्या उर्दूत सासऱ्यांची सेवा करत होते. खाना तैयार है, हुजूर. आंघोळीच्या वेळी, गुसल कर लो, हुजूर. काठी मी चुलीत घातली होती. वाद घालत नव्हते, मारत नव्हते, आणि ते मला कधी मारत नव्हते. तो महिना आमचा चांगला गेला, हे म्हणायलाही जीभ कचरते.

शेवटच्या दिवशी सकाळीच श्वास लागला. भटजी आले, तुळशीपत्र आलं, गंगाजळ आलं. मुलानं कानात रामाचं नाव सांगायचं. हे वाकले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "अण्णा, राम म्हणा." मामंजींचा हात डोक्यावर गेला. यांनी आणखी हळू म्हटलं. हातानं डोकं आणखी घट्ट झाकलं, पाय पोटाशी गेले, घशातून आवाज यायला लागला. तिसऱ्यांदा यांना बोलवेना. भटजी म्हणाले, "म्हणा, म्हणा, नाव कानात गेलंच पाहिजे."

मी यांना बाजूला सारलं. भटजींकडे बघितलं नाही. मामंजींच्या कानाशी बसले आणि दफ्तरातला चपराशी घरी जायची रजा मिळाल्याचं सांगेल तसं, अदबीनं आणि स्वच्छ, म्हटलं, "हुजूर, आपका काम पूरा हुआ. रुखसत मंजूर."

भटजींनी कपाळावर हात मारला. हे उठून बाहेर गेले. मामंजींनी डोक्यावरचा हात हळूहळू खाली आणला.